लाल ठिपक्याचे कप

४ जानेवारी, रविवार

चहात पुन्हा केस! लग्नाला महिनाही झाला नाही आणि मी चहा गाळते तो पत्तीसाठी नाही, कुत्र्यांच्या केसांसाठी.

बरंबुवांना तसं सांगितलं. म्हणाले, "बरं."

बरंबुवा म्हणजे माझा नवरा. पन्नाशी उलटल्यावर 'नवरा' हा शब्द पहिल्यांदाच लिहायचा म्हणजे पेन अडखळतं, म्हणून हे नाव. काहीही सांगा — "पडदे बदलते." "बरं." "ती तुमची मोडकी खुर्ची भंगारात देते." "बरं बरं." (दिली नाही. काय म्हणतात ते बघत होते.) ताईचा नवरा आमटीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास भाषण करतो. आणि मला हा असा मिळाला! ताई म्हणते, "तुझ्या कडक स्वभावाला असाच हवा होता." कडक म्हणे. मी व्यवस्थित आहे.

लग्नही असंच ठरलं. कारखान्यासमोर बसथांब्याचं बाक आहे, तिथे बसलो होतो. मी म्हटलं, "दोन घरं, दोन भाडी, दोन कुलपं — हवाय कशाला एवढा पसारा? लग्न करून टाकू." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं." संपलं! शायरी नाही, डोळ्यात पाणी नाही. मला फार आवडलं ते.

कुत्र्यांचं मात्र मला कोणी विचारलं नाही. ती घराबरोबर आली. म्हातारा काळा आहे तो साहेब. हाक मारली तर मान वळवत नाही, आणि वळवलीच तर मेहेरबानी केल्यासारखी. तांबडी आहे ती चिटणीस. साहेबाच्या मागेपुढे पळते, त्याला ढुसण्या देऊन जेवायला उठवते. त्यांची खरी नावं वेगळी आहेत, पण साहेब त्यालाही दाद देत नाही, मग मी कशाला जीभ शिणवू?

५ जानेवारी

दिवसभर कप ठोकले. तीस वर्षं तेच करते आहे. कप तीन बोटांच्या टोकांवर तोलायचा, काठाला लाकडी काडीनं टिचकी मारायची. चांगला असेल तर टिंग करून वाजतो, वाजतच राहतो. तडा असेल तर थड! डोळ्याला दिसत नाही असला तडाही कानाला कळतो. मग लाल पेन्सिलीचा ठिपका, आणि कप ढिगात. एकदा माझा ठिपका पडला की मालकाच्या वडिलांनाही तो कप वाचवता येत नाही.

एकच वाचला. बरंबुवा भट्टीचा पंखा दुरुस्त करायला आले होते (फिटर आहेत), जाताना ढिगातून एक ठिपकेवाला उचलला. मी म्हटलं, "गळेल तो." म्हणाले, "गळेल तेव्हा बघू." अजून त्यातच चहा पितात. अजून गळलेला नाही. रोज सकाळी मला त्या कपाचा राग येतो.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं. यंत्र येणार! कप पट्ट्यावरून जाणार, यंत्रच ठोकणार, यंत्रच ऐकणार. "तुम्ही यंत्र चालवायला शिका, बाई. तंत्रशाळेत संध्याकाळचा वर्ग आहे, त्याची परीक्षा द्या." आणि नापास झाले तर? "तर पॅकिंगला जागा आहे की."

पॅकिंगला! कप रद्दीत गुंडाळायला!

६ जानेवारी

शाळेचा पहिला दिवस. बाक माझ्या गुडघ्यांपेक्षा लहान. शेजारी मिशीही न फुटलेला एक जण. त्यानं आदबीनं विचारलं, "तुमचा नातू या वर्गात आहे का?" मी म्हटलं, "नाही. तो मॅनेजर आहे." त्यानं वहीत डोकं घातलं.

आणि शिकवायला कोण? माझ्याच टेबलावर शिकाऊ म्हणून आलेली ती रडकी पोरगी! माझ्या बोलण्यानं दोनदा रडली, तिसऱ्यांदा नोकरी सोडून शिकायला गेली. आता चष्मा, फळा, आवाजात ठसका. "बाई, तुम्ही पुढे बसा ना." बसले. पदवी घेतल्याला इतकी वर्षं झाली की फळ्यावरचं गणित परक्या लिपीतलं वाटलं. तोंडावर दाखवलं नाही.

८ जानेवारी

सरावासाठी कारखान्यातून ठिपकेवाल्या कपांचं खोकं आणून फळीवर मांडलं. यंत्रानं कुठला तडा कसा ओळखायचा ते आधी आपल्या कानानं पक्कं करायला हवं.

आणि बरंबुवांची ती गावंढळ सवय! साहेबाला बोलवायचं असलं की हाक मारायची सोडून जमिनीवर पाय आपटतात. धब धब! लाकडी जमीन, फळी हलते, सगळे कप एकदम कण्हतात. मी म्हटलं, "माणसासारखी हाक मारा. पाय आपटणं आजपासून बंद."

लगेच "बरं" आलं नाही. आधी साहेबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कपांकडे. मग आलं.

११ जानेवारी, रविवार

साहेब पार डोक्यावर बसलाय! पाय आपटणं बंद झाल्यापासून कुणालाच जुमानत नाही. सकाळी मी "इकडे ये! इकडे ये म्हणते ना!" असं किती वेळ ओरडत होते. शेवटी खालच्या मजल्यावरची शिवणवाली जिन्यात येऊन म्हणाली, "बाई, तो येत नसेल तर मी येऊ का?"

संध्याकाळचा फेरफटका नेहमीसारखा. बरंबुवांच्या उजव्या हातात दोन्ही साखळ्या, डाव्या बाजूला मी. दिवसभराचं सगळं मी या फेरफटक्यात बोलते. आज बोलायचं नव्हतं ते बोलले. म्हटलं, मला भीती वाटते. डोकं पहिल्यासारखं चालत नाही, ती पोरगी बोलते त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. हे मी ताईलाही सांगितलेलं नाही. म्हणाले, "बरं."

काय धीराचा माणूस! दुसरा कोणी "होईल हो सगळं नीट" म्हणाला असता आणि मी त्याचं डोकं फोडलं असतं.

१३ जानेवारी

फाटक उघडं राहिलं आणि साहेब रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. स्कूटरवाला भोंगा वाजवून वाजवून दमला. साहेब पाठ फिरवून ऐटीत! शेवटी चिटणिशीनं जाऊन त्याला ढुशी मारली तेव्हा उठला. स्कूटरवाल्यानं कुत्र्याला सोडून मला शिव्या दिल्या.

जेवताना सांगून टाकलं. बरंबुवा भिंतीकडच्या खुर्चीत, मी त्यांच्या उजवीकडे. "नणंदबाईंचं अंगण मोठं आहे, भोवती कुंपण आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी माझी परीक्षा आटोपलेली असेल. तोवर हा कुत्रा शहाणा झाला नाही, तर त्याला तिकडे पाठवायचं."

मी "बरं"ची वाट बघत होते. आलं नाही. बरंबुवा उठले, आपला ठिपकेवाला कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

मीही माघार घेतलेली नाही. नणंदेला कळवून टाकलं.

१५ जानेवारी

शिकवणी. "बस." साहेब उभा. चिटणीस बसली. "ऊठ." चिटणीस उठली. "पाय दे." चिटणिशीनं दोन्ही दिले. साहेबानं जांभई दिली.

वर्गात मीही आज काही वेगळे दिवे लावले नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

फळी पडली.

दुपारी चिटणीस पालीमागे धावली, खोक्यावर उडी, खोक्यावरून फळीवर. सगळे कप खाली! भट्टी फुटल्यासारखा आवाज. खालून शिवणवाली किंचाळली. चिटणीस पलंगाखाली. बरंबुवा पेपर वाचत होते. फळी त्यांच्या डाव्या हाताला पडली आणि हे खुर्चीतून ताडकन उठून उजवीकडे खिडकीबाहेर बघत राहिले. वेंधळे! रस्त्यावर काही झालंय असं वाटलं म्हणे.

आणि साहेब? फळीपासून हातभर अंतरावर. पाठीवर कपाचा तुकडा. झोपलेला! पोट शांतपणे वरखाली होत होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. तुकड्यांतून अर्धा कप उचलला, काडी घेतली, साहेबाच्या कानाशी धरून ठोकला. काही नाही. पुन्हा ठोकला. मिशीसुद्धा हलली नाही. मग उभी राहिले आणि पाय आपटला. एकदाच. धब!

साहेबानं डोळे उघडले. शेपूट हलली. उठून माझ्यापाशी आला — लग्नानंतर पहिल्यांदा.

म्हणजे एवढे दिवस मी एका ठार बहिऱ्या कुत्र्याला शिस्त लावत होते. आणि त्याला समजेल अशी एकच हाक होती, ती मी बंद करून टाकली होती. व्यवस्थित बाई!

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होईल."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

केर भरता भरता म्हणाले, "तुम्ही सदोष माल ठेवत नाही ना."

"मी कुत्र्याला कप समजते की काय?"

ते केर टाकायला खाली गेले. मी स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

१९ जानेवारी

नीट विचार केला. पाय आपटायची बंदी उठवली. पण बहिरा कुत्रा आणि दारात वाहता रस्ता? स्कूटर थांबली, ट्रक थांबेल का? नणंदेकडे कुंपण आहे. आता तर त्याला पाठवायलाच हवं. हा राग नाही, अक्कल आहे. बरंबुवांना तसं सांगितलं.

"बरं," म्हणाले. पण नेहमीचं बरं नव्हतं ते. ठोकून बघितलं असतं तर थड वाजलं असतं.

मग रात्रीच्या जेवणातली पोळी त्यांनी साहेबाला दिली. स्वतःच्या ताटातली. मला दिसेल अशी.

२१ जानेवारी

वर्गात यंत्र आणलं होतं. पोरगीनं झाकण काढून दाखवलं — आत दोन कान. काळे, बटणाएवढे.

मी विचारलं, "दोन कशाला? चांगला असेल तर एक पुरतो."

पोरगी हसली. (पूर्वी मी प्रश्न विचारला की रडायची.) "एका कानाला आवाज ऐकू येतो, बाई, पण तो कुठून आला ते सांगता येत नाही. दोन्ही कानांवर आवाज वेगवेगळा पोचतो, त्यावरून दिशा कळते. एकच कान लावला तर तडा असेल डावीकडच्या कपाला आणि यंत्र बोट दाखवेल उजवीकडे."

मी वहीत लिहिलं: तडा डावीकडे, बोट उजवीकडे.

लिहिलं आणि हात थांबला. डावीकडे फळी. उजवीकडे खिडकी.

पुढचं काय शिकवलं, मला माहीत नाही. बाकावर बसून मी एकेक आठवत गेले. फोन कायम उजव्या कानाला. जेवायला कायम भिंतीकडची खुर्ची, डावी बाजू भिंतीला लावून. पलंगावर उजव्या कुशीवर, उजवा कान उशीत खुपसून काय मजबूत घोरतात! आणि फेरफटक्याला साखळ्या उजवीकडे, मी डावीकडे. रोज.

मिशी न फुटलेल्यानं विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

२२ जानेवारी

खात्री करायची म्हणजे करायची. बरंबुवा पेपर वाचत होते. डावीकडून गेले, कानापाशी कप धरला, हलकेच टिंग केलं. चांगला, खणखणीत कप. पान उलटलं त्यांनी. उजवीकडून केलं. "काय झालं?"

"काही नाही. सराव."

संध्याकाळी फेरफटक्याला माझ्या नेहमीच्या जागेवरून अगदी साध्या आवाजात म्हटलं, "आज मी मॅनेजरला भट्टीत घातलं."

"बरं."

"तुमच्या बहिणीलाही घालणार आहे."

"बरं बरं."

एवढा मोठा समजूतदार माणूस! मी बोलायची, त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही, आणि मी घरी येऊन यांच्या धीराचं कौतुक लिहायची. ती भीतीची गोष्टही! तीस वर्षं मी दुसऱ्यांना कानाच्या जोरावर नापास करते आहे आणि माझ्याच घरात —

चिडले होते की हसत होते, मला अजून कळलेलं नाही. चिटणीस तेवढी सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. तिला सगळं आधीपासून ठाऊक असणार.

२४ जानेवारी, शनिवार

परीक्षा. लेखी बरी गेली. प्रात्यक्षिकात यंत्राआधी हातानं पाच कप तपासायचे होते — माझ्यासाठी पोरखेळ! आणि तिसऱ्या कपाला मी ठिपका दिला. पोरगीनं तो माझ्या हातातून घेतला, तीन बोटांवर तोलला, टिचकी मारली. टिंग!

"कप चांगला आहे, बाई. तुम्ही मुठीत धरला होता. मुठीत धरला तर चांगलाही थड वाजतो. तुम्हीच शिकवलंय मला हे." मग हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "ओरडून शिकवलं होतंत, पण शिकवलंत."

पास आहे. काठावर. शेरा दिलाय: 'पकड सैल ठेवावी.' त्या मुलीचा कान पिरगाळावासा वाटला. आणि जेवायलाही बोलवावंसं वाटलं.

पॅकिंग टळलं. घरी येऊन सांगितलं. उजवीकडून.

२५ जानेवारी, रविवार

नणंद टेम्पो घेऊन हजर. "वहिनी, कुठंय आमचा पाहुणा? अंगणात गोणपाट घालून ठेवलंय."

बरंबुवांनी साहेबाची वाटी आणि साखळी पिशवीत भरून ठेवली होती. वाटी घासून. साहेब दाराशी, चिटणीस त्याला चिकटून. बरंबुवा पाय आपटायला तयार उभे, पण पाय उचलवत नव्हता त्यांना.

मी पिशवीतून वाटी काढली आणि पुन्हा ओट्याखाली ठेवली.

नणंद म्हणाली, "हे काय? तूच तर फोन केलास! टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलाय मी!"

"फाटकाला आतून कडी बसवून घेतली आज सकाळी. आपोआप लागणारी. साहेब इथेच राहणार. टेम्पोतून ती मोडकी खुर्ची घेऊन जा."

"आणि मी माझ्या कोंबड्यांना काय सांगू? वाट बघतायत त्या!" नणंद हसत सुटली. खुर्ची मात्र घेऊन गेली. पहिल्यांदाच बरंबुवा "अहो, ती नको!" म्हणाले. तोवर टेम्पो वळला होता. हे त्यांच्या डोक्यात आधीच यायला हवं होतं, पण कुत्रा राहतोय म्हटल्यावर त्यांना खुर्चीचं भान कुठलं!

मग दार लावलं. त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले.

"साहेबाचं वर्ष झालं. तुमच्या डाव्या कानाचं किती झालं?"

एवढा मोठा माणूस, पुस्तकं कुरतडताना पकडलेल्या चिटणिशीसारखा चेहरा! "लहानपणी फुटला होता," म्हणाले. "सातवीत असेन. तेव्हापासून काहीच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. आधी वाटलं, ठिपका द्याल. मग वाटलं, लग्न तर झालंय, आता काय करतील? मग तुम्ही साहेबाला पाठवायला निघालात."

त्यांच्या हातातला कप घेतला. तोच, लाल ठिपक्याचा. तीन बोटांवर, अगदी सैल ठेवून टिचकी मारली. थडच! तडा आहेच. मी चुकले नव्हते.

त्यातच चहा ओतून दिला.

२६ जानेवारी

सकाळी विचारलं. मला राहवलं नाही. "त्या बसथांब्याच्या बाकावर मी कुठल्या बाजूला बसले होते?"

चहा पिता पिता थांबले. "डाव्या."

"म्हणजे मी काय म्हटलं ते —"

"एक अक्षर ऐकू आलं नाही. पण तुम्ही इतक्या ठामपणे काहीतरी म्हणालात! नाही कसं म्हणणार?"

"मग कळलं कधी?"

"तीन दिवसांनी. तुमच्या ताईंचा अभिनंदनाचा फोन आला."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शर्ट शिवायला टाकला."

संध्याकाळी फिरायला जायचंय. साखळ्या मी धरणार, डाव्या हातात साहेब आणि चिटणीस. उजवीकडून चालणार आणि पुन्हा एकदा नीट विचारणार. 'बरं' म्हणाले तर चालणार नाही.

च! डाव्या हातात साखळ्या धरल्या तर कुत्री आमच्या दोघांच्या मधे येतात.

येऊ देत.